तिसऱ्या, कुर्ल्या आणि बाराव्याचं कार्ड: कुठल्या कामाला कुठला टाइप

कुडाळच्या बाजारात डीटीपीचं दुकान टाकून मला वर्षही झालं नव्हतं. एक गृहस्थ आईच्या बाराव्याचं कार्ड करून घ्यायला आले. मी नुकताच एक गोलमटोल, जाडसर टाइप उतरवून घेतला होता आणि तो कुठेतरी वापरायची मला भारी हौस होती. कार्डं छापून त्यांच्या हातात दिली. त्यांनी एक उचललं, लांब धरून बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "ह्या बारशाचा कार्ड दिसता गो." रागावले असते तर बरं वाटलं असतं. मजकुरात एक चूक नव्हती. तिथी, वार, वेळ, सगळं बरोबर. फक्त अक्षरं गालातल्या गालात हसत होती. सगळी कार्डं मी पदरचे पैसे घालून पुन्हा छापली.

तेव्हापासून दुकानात नवीन मुलगी शिकायला आली की टायपिंगच्या आधी मी तिला हे शिकवते. शाळेत नोटिसा काढणारे शिक्षक, होमस्टेचं मेनू कार्ड घरच्या लॅपटॉपवर करणाऱ्या वहिनी, देवस्थानाच्या जत्रेचं पत्रक अंगावर पडलेला मंडळाचा चिटणीस, अशांनाही हे कामाला येईल. 'टाइप' आणि 'फॉन्ट' हे दोन्ही शब्द मी एकाच अर्थाने वापरते. आमच्या धंद्यात तसंच चालतं.

यादी उघडण्याआधी

फॉन्टची यादी उघडली की माणूस हरवतो. शंभर नावं, प्रत्येक जण "मला घे" म्हणतो. म्हणून यादी नंतर. आधी मॅटर पूर्ण वाचा, नुसतं टाइप करू नका, वाचा. मग कागद वाचणाऱ्याच्या जागी जाऊन उभे राहा. हा कागद कोण वाचणार? कुठे उभा राहून वाचणार, हातात धरून की रस्त्याच्या पलीकडून? किती वेळ वाचणार? आणि वाचताना त्याच्या मनात काय असणार?

बाराव्याचं कार्ड घ्या. वाचणारे बहुतेक वयस्कर, चष्मेवाले. हातात धरून वाचणार. अर्धं मिनिट. मन जड. एवढं कळलं की टाइपचे निम्मे पर्याय आपोआप बाद होतात: बारीक चालणार नाही, नखरेल चालणार नाही, गोलमटोल तर नाहीच. उरलेल्यांतून निवडायला फारशी अक्कल लागत नाही. माझी चूक झाली ती इथेच. मी कार्ड वाचणाऱ्याच्या जागी उभी राहिले नाही, माझ्या हौशीच्या जागी उभी राहिले.

टाइपची कुळं

इंग्रजी टाइपबद्दलची माहिती वाचून आलेली मुलं विचारतात, मराठीत टोकांना पाय फुटलेला टाइप कुठला आणि बिनपायाचा कुठला? ती विभागणी रोमन अक्षरांची. आपली अक्षरं बोरूतून आली आहेत. बोरूचं टोक तिरकं छाटलेलं असतं, त्यामुळे हात एका दिशेला गेला की रेघ जाड उमटते, दुसरीकडे वळला की बारीक. देवनागरीत बघायचं ते हेच: रेघेची जाडी बदलते की सगळीकडे सारखी राहते.

जाडी बदलणारे, म्हणजे बोरूच्या वळणाचे टाइप, हे पहिलं कुळ. १८६९ साली मुंबईत जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या खिळ्यांनी, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांनी, छापलेल्या पोथ्या, स्तोत्रं, व्याकरणं आपल्या आज्या-पणज्यांनी वाचली. त्यामुळे हे वळण डोळ्यांसमोर आलं की मराठी माणसाला पुस्तक आठवतं, देवघर आठवतं, आदर वाटतो. आज फुकट मिळणाऱ्यांत टिरो देवनागरी मराठी, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा आणि मुंबईच्या आयआयटीतून आलेला शोभिका हे या कुळातले. लांब मजकूर, स्मरणिका, पुस्तक, लग्नपत्रिका, शोकाचं कार्ड या सगळ्यांना हे शोभतात. टिरोला ठळक रूप नाही, सरळ आणि तिरकं एवढंच आहे, हे आधीच ध्यानात ठेवा. मथळ्यासाठी आकार वाढवावा लागतो. मला ती अडचण वाटत नाही. बोल्डचं बटण हाताशी नसलं की माणूस जरा विचार करतो.

दुसरं कुळ सारख्या जाडीच्या रेघांचं. मुक्ता, हिंद, नोटो सॅन्स देवनागरी, पॉपिन्स. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला मुक्ता सात जाड्यांमध्ये मिळतो, एकदम सडपातळ ते चांगला जाड. नोटिसा, अर्ज, फलक, पेटीवरचं लेबल, मोबाइलवर फिरणारं पत्रक यांना हे कुळ. चेहऱ्यावर भाव कमी, पण काम चोख. सरकारी कचेरीतल्या चांगल्या कारकुनासारखं.

बाकीची कुळं झटकन सांगते, कारण ती मिठासारखी वापरायची. बलू आणि मोदक हे गोलमटोल, खेळकर. मोदक तर नावाप्रमाणेच फुगलेला. बालवाडीचं स्नेहसंमेलन, आइस्क्रीमची गाडी, बारसं. माझ्या त्या कार्डाचा गुन्हेगार याच जातीतला. कलम हा हाताने लिहिल्यासारखा, आपुलकीच्या चिठ्ठीला बरा. रोझा वन जाडजूड, रेघांमध्ये मोठा फरक, नाटकी मथळ्याला. खंड आणि टेको अंगाने चेपलेले, लांब नाव कमी रुंदीत बसवायला उपयोगी. यात्रा वन मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलेला आहे, आणि जैनी हा १५०३ सालच्या कल्पसूत्राच्या पोथीवरून. पोथीचा टाइप म्हणून कुणी कीर्तनाच्या पत्रकाला जैनी लावतात. दोन शब्दांना शोभतो, आख्ख्या पत्रकाला लावला तर लोक कीर्तनाला येतील पण वेळ चुकवून, कारण त्यातली कित्येक वळणं आज कुणाच्या सवयीची नाहीत.

यातले बहुतेक गूगल फॉन्ट्सवर आहेत, खुल्या परवान्याचे. छपाईच्या धंद्यात वापरायला पैसे पडत नाहीत. पेनड्राइव्हवरून कुणी दिलेला नावगाव नसलेला फॉन्ट मात्र टाळा.

मराठीची परीक्षा

आता सगळ्यांत महत्त्वाचं, आणि याला मी मुद्दाम वेळ देते. इथेच निम्म्या जाहिराती नापास होतात.

मालवणला एका खाणावळीचं मेनू कार्ड मी पाहिलं. कागद उंची, फोटो झकास, आणि माशांच्या यादीत 'तिसर्या मसाला' (तिसऱ्या म्हणजे शिंपल्या). खाली 'कुर्ल्या मसाला', म्हणजे खेकडे. कुर्ल्यांमधला रफार बरोबर आहे, तिथे तो हवाच. पण तिसऱ्यांमध्ये डोक्यावरचा रफार नव्हे, अर्धा ऱ हवा, अक्षराच्या पोटाशी आडवा पडणारा. मोठ्याने वाचा म्हणजे कळेल. 'तिसर्या' असा जोर देऊन कुणी म्हणत नाही. आपल्या किनाऱ्यावर तर हा फरक रोजचा आहे: दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. 'आचार्यांना दक्षिणा' आणि 'आचाऱ्यांना दक्षिणा' यांत तर पाकीट वेगळ्याच माणसाच्या हातात जाईल. मराठीसाठी न बनवलेल्या टाइपमध्ये हे रूप असतं, नसतं, किंवा असून इतकं किडमिडीत असतं की दिसत नाही.

कधी दोष टाइपचा नसून बोटांचा असतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर र येतो इंग्रजी J च्या कळीवर आणि ऱ येतो शिफ्ट दाबून त्याच J वर. म्हणजे ऱ्य काढायचा तर शिफ्ट-जे, मग पाय मोडायला डी, मग य ची कळ. साधा र घेऊन पाय मोडलात की रफारच होणार. फोनवर टाइप करणाऱ्यांनी र ची कळ दाबून धरून ऱ मिळतो का ते बघावं.

दुसरी परीक्षा श आणि ल यांची. हिंदीत चालणारं या दोघांचं वळण वेगळं, मराठीतलं वेगळं. आपल्या शाळेच्या फळ्यावर शिकवला जातो तो गाठीचा श आणि दोन सारख्या वाट्यांचा ल. राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात वर्णमालेची मराठी वळणं ठरवून दिली आहेत. काही टाइपांमध्ये दोन्ही रूपं दडलेली असतात, आणि मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडल्याशिवाय मराठी रूप बाहेर येत नाही. नोटो त्यातलाच. टिरोने सरळ मराठीसाठी वेगळा टाइप काढला, हिंदी आणि संस्कृतसाठी वेगळे. हिंदी वळण आलं म्हणून वाचता येत नाही असं नाही. पण इयत्ता पहिलीच्या पालकांना पाठवायच्या पत्रकात बाई फळ्यावर एक श काढतात आणि कागदावर दुसराच दिसतो, हे मला पटत नाही. ५ आणि ८ या आकड्यांचीही अशीच दोन-दोन वळणं आहेत, तेही बघून घ्या.

माझ्या संगणकावर एक फाइल कायम उघडी असते. तिच्यात एवढंच: 'तिसऱ्या, कुर्ल्या, कुऱ्हाड, श्री, शाळा, लळा, ज्ञानेश्वर, लक्ष्मी, वाङ्मय, शुद्ध, उद्घाटन, लठ्ठ, विठ्ठल, ॲप, ऑफिस, हृदय, १२३४५६७८९०.' नवा टाइप आला की आधी या ओळीला लावते. उद्घाटनातला द्घ आणि विठ्ठलातला ठ्ठ नीट बसले, ॲ वरचा चंद्र तुटला नाही, तर तो टाइप पास. विठ्ठलाच्या पोटात हलन्ताची शेपटी लोंबकळली तर काढून टाकते, मग तो दिसायला कितीही देखणा असो.

जुन्या फाइलींबद्दल एक. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या टाइपांत मराठी अक्षर हे खरं तर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं चित्र असतं. ज्या संगणकावर तो टाइप नाही तिथे फाइल उघडली की नुसता कचरा दिसतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे टाइप बदलला तरी मजकूर शाबूत राहतो. नवीन शिकणाऱ्यांनी युनिकोडवरच हात बसवावा. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतलात तर रफार आणि ऱ्य डोळ्यांत तेल घालून तपासा. आणि पानं मांडायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला उडाली तर टाइपला शिव्या घालू नका. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडायचं राहिलं असेल. पेजमेकर हे जुनं सॉफ्टवेअर मात्र युनिकोड जाणतच नाही, त्याला निवृत्त करा.

कामाप्रमाणे निवड

लग्नपत्रिकेत सगळ्यांत मोह होतो. वर 'श्री देव रवळनाथ प्रसन्न', मग 'आमचे येथे श्रीकृपेकरून', मग दोन्ही घरच्या आजोबा-पणजोबांची नावं, मग वधूवर, मग स्थळ, मग 'आमच्या छकुलीच्या लग्नाला यायचं हं'. सहा प्रकारचा मजकूर म्हणून लोक सहा टाइप लावतात. मी दोन लावते. वधूवरांची नावं एका नटव्या टाइपात, मोठी. बाकी सगळं बोरूच्या वळणाच्या एकाच टाइपात, आकार फक्त कमीजास्त. नटवा टाइप निवडताना नमुना म्हणून 'राम-सीता' टाइप करून पाहू नका, खरी नावं घाला. 'चि. सौ. कां. हृषीकेशा' असलं नाव किंवा 'ऐश्वर्या' आलं की नटव्या टाइपची खरी ताकद कळते. स्थळ, वेळ आणि तारीख यांना शोभा नको. मुंबईहून येणारा चाकरमानी गाडीत बसून पत्रिकेचा फोटो फोनवर मोठा करून बघत असतो, हॉलचं नाव शोधत.

शोकाच्या कार्डाबद्दल वर बोलले. टिरो किंवा यशोमुद्रा, चौदा पॉइंटच्या (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचं माप) खाली नाही, भरपूर मोकळी जागा. सगळं ठळक करू नका. ओरडून शोक सांगत नाहीत.

मेनू कार्डाचं गणित वेगळं. संध्याकाळी साडेसात, खाणावळीत पिवळा दिवा, हातात पाणी लागलेलं कार्ड, पोटात भूक, आणि पोर ओरडतंय "मला फ्राय बांगडा". इथे सारख्या जाडीचा टाइप हवा, मुक्ता किंवा हिंद, तेरा-चौदा पॉइंट. पदार्थाचं नाव मध्यम जाड, त्याखाली एक ओळ माहिती असेल तर ती हलक्या जाडीत. भाव उजव्या कडेला, एकाखाली एक, एककाखाली एकक आलं पाहिजे. काही टाइपांमध्ये १ चा आकडा बारीक आणि ४ रुंद असतो, मग रकाना वाकडातिकडा होतो. सगळे आकडे सारख्या रुंदीचे असलेला टाइप बघा. आकडे मराठी की इंग्रजी, यावर आमच्याकडे भांडणं होतात. माझं मत, कार्ड मराठी असेल तर आकडेही मराठी. परप्रांतातले पर्यटक जास्त येत असतील तर शेजारी इंग्रजी रकाना द्या, पण एका ओळीत १५० आणि दुसऱ्या ओळीत इंग्रजी आकडे ही खिचडी नको. सुरमई, पापलेट यांचे भाव रोज बदलतात; तिथे छापील आकड्याऐवजी खडूने लिहायची जागा सोडा. हस्ताक्षर चांगलं असलेला पोऱ्या हाताशी असेल तर टाइपपेक्षा त्याचा उपयोग मोठा.

होमस्टेची पाटी महामार्गावर लावायची असेल तर आधी हिशेब मांडा. गाडी ताशी साठच्या वेगाने आली तर सेकंदाला साधारण सोळा-सतरा मीटर कापते. पाटी वाचून ब्रेक मारायला चालकाला तीन सेकंद तरी द्या, म्हणजे पन्नास मीटर, एकशेचौसष्ट फूट. रंगारी लोकांचा जुना ठोकताळा आहे, दहा फुटांना एक इंच अक्षर. म्हणजे शिरोरेघेपासून तळापर्यंत सोळा इंच. मात्रा आणि उकार त्याच्या बाहेर, त्यांची जागा वेगळी धरा. एवढ्या अक्षरात पाटीवर किती मावेल? नाव आणि बाण. 'घरगुती जेवण, समुद्रदर्शन, एसी व नॉन एसी' हे सगळं आतल्या वळणावरच्या दुसऱ्या पाटीवर. टाइप सारख्या जाडीचा, पोटं मोकळी असलेला. म, भ, घ, ध यांतला फरक लांबून दिसतो का ते आधी बघा, कारण लांबून घर आणि धर सारखेच दिसतात. कोकण रेल्वेच्या कुठल्याही स्टेशनात पाटी बघा, पिवळ्यावर काळी, ठसठशीत. गाडी स्टेशनात शिरत असतानाच वाचता येते. पाटीला रंगांची कसरत करण्याआधी एकदा ती बघून या.

हापूसच्या पेटीचा पुठ्ठा खरखरीत असतो, त्यावर एकरंगी छपाई. बोरूच्या वळणाच्या टाइपची बारीक रेघ तिथे पुसट होते आणि द्ध, ष्ट यांची पोटं शाईने भरतात. म्हणून जाड, सारख्या रेघेचा टाइप. 'देवगड हापूस' हे नाव हवं तितकं नटवा, पण वजन, किंमत, पॅकिंगची तारीख आणि चौदा आकड्यांचा परवाना क्रमांक साध्या टाइपात. त्यातल्या काही अक्षरांची किमान उंची नियमाने ठरलेली असते, ती छापणाऱ्याला विचारून घ्या.

ग्रामपंचायतीची नोटीस, शाळेचं पत्र, अर्ज: मुक्ता किंवा नोटो, बारा-तेरा पॉइंट, डावीकडे सरळ ओळी, विषय ठळक. संपलं. याला वेळ घालवू नका.

दशावताराच्या नाटकाचं पोस्टर मात्र गाजलं पाहिजे. तिथे रोझा, बलू, काहीही चालेल, पण माझा सल्ला वेगळा: नाटकाचं नाव टाइपात करूच नका, कुणा रंगाऱ्याकडून काढून घ्या. मराठी नाटकांच्या वर्तमानपत्रातल्या जाहिराती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना कमल शेडगे यांचं काम माहीत असेल. २०२० मध्ये ते गेले. नाटकागणिक नावाचं वेगळं अक्षर, आणि अक्षर बघूनच नाटक हसवणार की रडवणार हे कळायचं. मालवणच्या बंदरात होड्यांवर नावं रंगवणारे हात अजून आहेत. त्यांच्याकडून 'नरकासुर वध' कागदावर काढून घ्या, स्कॅन करा, बाकीची माहिती साध्या टाइपात खाली टाका. कुठल्याच फॉन्टमध्ये ती तलवारीची धार मिळणार नाही.

आकार, ओळी आणि एक मोठी चूक

देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे ओळींना हवा जास्त लागते. अक्षर बारा पॉइंट असेल तर एका ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंत अठरा पॉइंट धरून सुरुवात करा, मग डोळ्याने कमीजास्त करा. बहात्तर पॉइंट म्हणजे एक इंच. वरच्या ओळीतल्या 'कृ' चा ऋकार खालच्या ओळीतल्या 'कीं' च्या टोपीला टेकला तर समजा ओळी गच्च झाल्या.

मोठी चूक ती अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची. इंग्रजी मथळा अक्षरं लांब-लांब करून ऐटदार दिसतो म्हणून लोक मराठीतही तेच करतात. आपली शिरोरेघ तुटते. 'आमंत्रण' हा शब्द नसून चार वेगळे भिडू उभे आहेत असं वाटतं. जागा भरायची असेल तर आकार वाढवा, किंवा रुंद टाइप घ्या. त्याचप्रमाणे टाइप अंगाने ताणून रुंद करू नका. फ्लेक्सवाल्यांची ही आवडती खोड आहे. ताणल्यावर उभ्या रेघा जाड होतात आणि शिरोरेघ तशीच राहते, अक्षराला सूज आल्यासारखी दिसते. जागा कमी आहे? खंड किंवा टेकोसारखा जन्मतःच चेपलेला टाइप घ्या.

इंग्रजी शेजारी आली तर

देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केलं, तेव्हा पानावर मराठी आणि इंग्रजी असे दोन रकाने शेजारी शेजारी होते. म्हणजे हे दुखणं मराठी वर्तमानपत्राच्या जन्मापासूनचं आहे. आज ज्या टाइपमध्ये दोन्ही लिप्या एकाच हाताने जुळवून घडवल्या आहेत ते घेतले की डोकेदुखी कमी होते. मुक्ता, बलू, पॉपिन्स, हिंद या सगळ्यांत रोमन अक्षरं बरोबर येतात. वेगवेगळे टाइप जुळवायचे असतील तर दोन्हीकडचे पॉइंट सारखे ठेवायचा हट्ट सोडा. एकाच आकड्यावर एक लिपी थोराड आणि दुसरी किरकोळ दिसू शकते. कागद डोळे मिचकावून बघा, दोन्ही मजकूर सारखे करडे दिसले की जुळलं.

एकाच पानावर दोन टाइप पुरे. तिसरा हवासा वाटला तर आधी दुसऱ्याची जाडी बदलून पाहा.

छापायला देण्याआधी

पडद्यावर कधीच मान्य करू नका. खऱ्या आकारात प्रिंट काढा. कार्ड असेल तर हातभर अंतरावर धरा. पाटी असेल तर प्रिंटचा नाही, एका अक्षराचा खरा आकार पुठ्ठ्यावर काढून गल्लीच्या टोकाला टेकवा आणि तुम्ही दुसऱ्या टोकाला जा. मेनू असेल तर दुकानातला ट्यूबलाइट बंद करून बघा. घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर कागद त्यांना द्या आणि काही बोलू नका. ते कागद लांब धरतात की जवळ आणतात, कुठल्या ओळीवर थांबतात, एवढं पाहत राहा. आमच्या शेजारच्या काकी माझ्या पगारी नसलेल्या प्रूफरीडर आहेत. चहा दिला की काम होतं.

पावसाळ्यात कागद दमट होतो आणि इंकजेटची शाई पसरते. जूनपासून पुढे घरच्या प्रिंटरवर काढायच्या कामाला जरा मोकळ्या पोटाचा टाइप आणि अर्धा पॉइंट मोठा आकार बरा.

छापखान्यात फाइल देताना पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसवलेले आहेत ना ते तपासा. कोरलमध्ये काम केलं असेल तर कंट्रोल-क्यू दाबून अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांची चित्रं करून द्या, म्हणजे त्यांच्या संगणकावर टाइप नसला तरी बिघडणार नाही. पण कर्व्ह केल्यावर मजकूर सुधारता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा. मी एकदा नाही ठेवली. त्या रात्री पत्रिकेतल्या मामांचं नाव चुकलेलं सापडलं आणि पानभर मॅटर पुन्हा टाइप करत बसले.

आणि प्रत्येक मान्य प्रूफच्या पाठीवर पेन्सिलीने टाइपचं नाव, जाडी, आकार आणि ओळींमधलं अंतर लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तोच माणूस धाकट्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका घेऊन येतो आणि म्हणतो, "गेल्या खेपेसारखीच करा." तुम्हाला गेली खेप आठवत नसते.